दोन टाक्या, एक टँकर

मासेमारीबंदी ३१ जुलैला संपली होती, पण समुद्र अजून शांत झाला नव्हता. नारळी पौर्णिमा होऊ दे, मग बघू, म्हणून बऱ्याच होड्या रेवदंड्याच्या खाडीतच उभ्या होत्या. आमच्या शेजारच्या काकांना तेवढा धीर नव्हता. त्यांची फायबरची छोटी होडी आहे, मागे आउटबोर्ड इंजिन. मोठ्या बोटींना डिझेल लागतं, यांच्या इंजिनाला पेट्रोल. इंजिन दोन महिने पडवीत गोणपाटाखाली पडलेलं आणि टाकीत मे महिन्यातलं थोडं पेट्रोल शिल्लक. पहिल्या दिवशी इंजिन एका झटक्यात सुरू झालं, कोर्लईच्या टोकाकडे निघालं आणि अर्ध्या वाटेत गपकन बंद पडलं. काका वल्ही मारत परत आले. मेकॅनिकनं कार्बोरेटर उघडला तर तळाला पाण्यासारखं काहीतरी साचलेलं.

काका कॅन घेऊन थेट आमच्या ओटीवर. "तू इंजिनिअर ना? हे बघ. पंपवाले पेट्रोलात पाणी घालतात."

मी सॉफ्टवेअरवाला. आजवर गावानं मला प्रिंटर, सेट टॉप बॉक्स आणि एकदा पाण्याचा पंप दुरुस्त करायला बोलावलेलं आहे, त्यामुळे आश्चर्य वाटलं नाही. पुतणीच्या शाळेच्या प्रयोगासाठी आणलेलं काचेचं मोजपात्र घरात होतं. पंपावरून ताजं पेट्रोल आणलं, अंगणात, चुलीपासून लांब, १०० मिलिलिटर मोजून घेतलं. त्यात २० मिलिलिटर पाणी ओतलं, तोंड बंद करून हलवलं आणि दहा मिनिटं ठेवून दिलं. पेट्रोल वर तरंगलं, पाणी खाली बसलं. फक्त खालचा थर आता २० नव्हता, चाळीसच्या जरा खाली होता.

"बघ! पाणी वाढलं!" काका म्हणाले.

पाणी वाढलं नव्हतं. पेट्रोलातलं इथेनॉल खाली उतरून पाण्यात गेलं होतं. इथेनॉलचं पाण्याशी पेट्रोलपेक्षा जास्त जमतं. टाकीत पाणी नसेल तोवर ते पेट्रोलात गुण्यागोविंदानं राहतं, पण बाहेरचं पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की ते बाजू बदलतं, पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतं, आणि इंजिन इंधन ओढतं ते तळातूनच. दोन महिने अर्धी रिकामी टाकी, जून-जुलैची कोकणातली हवा, झाकणाच्या वॉशरमधून झिरपलेला पाऊस. पंपवाल्यानं काही केलं असेलच असं नाही. मी हे काकांना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग हे घालतात कशाला?"

या प्रश्नाचं सरकारी उत्तर मला पाठ होतं. खरं उत्तर शोधायला पुढचे तीन महिने गेले, आणि ते शोधताना माझं माझ्याच पिढीशी भांडण झालं. हा लेख त्या भांडणाचा आहे.

तुम्ही रील्स पाहिलेल्या असणार. 'ई-२०नं माझ्या गाडीची वाट लावली.' एक मुलगा गंजलेला फ्युएल पंप कॅमेऱ्यासमोर धरतो, दुसरा मायलेजचा स्क्रीनशॉट दाखवतो, खाली हजारो कमेंट्स. मीही एक टाकली होती. बाबांची २०१६ची बाइक मी वापरतो आणि तिच्या मायलेजची एक्सेल शीट ठेवतो (हो, मी तसला माणूस आहे). बावन्नवरून पन्नासच्या आसपास आलं. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर अलिबाग–रेवदंडा रस्त्यावरच्या खड्ड्यांचा वाटा किती आणि इथेनॉलचा किती, हे माझी शीट सांगू शकत नाही. एका बाइकवरून निष्कर्ष काढणं म्हणजे एकाच युजरवर टेस्टिंग करून ॲप रिलीज करणं.

त्यामुळे फिजिक्सकडे जाऊ. एक लिटर पेट्रोलात साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलमध्ये २१. म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या लिटरमध्ये तीसच्याही थोडी खाली. शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत जवळपास सात टक्के कमी, १० टक्के मिश्रणाच्या तुलनेत साडेतीन टक्के. इथेनॉलचा ऑक्टेन आकडा जास्त असतो हे खरं. त्याचा फायदा त्यासाठी घडवलेल्या इंजिनाला होतो, माझ्या २०१६च्या बाइकला त्याचं काय! नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातही हेच आहे: जुन्या चारचाकींची कार्यक्षमता सहा ते सात टक्क्यांनी, दुचाकींची तीन ते चार टक्क्यांनी घटेल. त्याच आराखड्यात असंही सुचवलं होतं की मिश्रित इंधनाची पंपावरची किंमत साध्या पेट्रोलपेक्षा कमी ठेवा, म्हणजे ग्राहकाची भरपाई होईल.

पुढे काय झालं? ई-२० फेब्रुवारी २०२३मध्ये निवडक पंपांवर आलं आणि दोन वर्षांत सगळीकडे पसरलं. २०२५च्या ऑगस्टमध्ये पेट्रोलियम मंत्रालयानं खुलासा केला: तेव्हा इथेनॉल स्वस्त होतं, आता कंपन्यांना ते वाहतूक आणि जीएसटी धरून सरासरी ७१ रुपये ३२ पैसे लिटर पडतं, शुद्ध केलेल्या पेट्रोलच्या किमतीपेक्षा महाग. म्हणजे कमी ऊर्जेचा माल जास्त भावानं घेऊन आपल्याला जुन्याच भावात विकला जातोय, वर पर्यायही नाही. १ सप्टेंबर २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं ई-२०विरुद्धची जनहित याचिका फेटाळली. त्या याचिकेत इथेनॉल बंद करा अशी मागणी नव्हती, पंपावर साध्या पेट्रोलचा पर्याय ठेवा एवढीच होती. काही दिवसांनी नितीन गडकरींनी या सगळ्या टीकेला पैसे देऊन चालवलेली मोहीम म्हटलं. माझ्या रीलचे पैसे अजून आलेले नाहीत.

तर हा राग रास्त आहे. पण तो फार छोटा आहे. माझी तक्रार सरकारइतकीच आपल्याबद्दल आहे. आपण साडेतीन टक्क्यांसाठी ओरडलो आणि उरलेल्या गोष्टीबद्दल चकार शब्द काढला नाही.

मी इंजिनिअरिंग सांगलीला केलं. कोकणातून गेलेल्या पोराला तिथली पहिली ओळख नाकानं होते. दिवाळीनंतर गाळप हंगाम सुरू झाला की हवेत मळीचा गोडूस, आंबूस वास पसरायचा. रस्त्यावर डबल ट्रॉल्यांच्या रांगा. रात्री बाइकवरून येताना मागचा लाल दिवा नसलेली उसाची ट्रॉली अचानक समोर दिसली की देव आठवायचा. इथेनॉल म्हणजे काय हे मी तिथे मित्राच्या मामांकडून शिकलो, ते एका कारखान्याच्या डिस्टिलरीत होते. ऊस गाळला, रस आटवला, साखर काढली, उरली ती मळी. तिच्यातून आणखी साखर काढली, पुन्हा उरली ती मळी. शेवटी ज्यातून साखर निघणं परवडत नाही अशी काळी, दाट काकवी उरते, ती सी-हेवी मळी. ही खरी टाकाऊ गोष्ट. पूर्वी ती दारूला, रसायनांना, गुरांच्या खाद्याला जायची. तिच्यापासून इंधन करणं हुशारीचंच काम. शिवाय कारखाना चालतो चिपाडावर, त्याच्या वाफेवर डिस्टिलरी चालते, उरलेली वीज विकता येते. ऊर्जेच्या हिशेबात उसाचं इथेनॉल अमेरिकेतल्या मक्याच्या इथेनॉलपेक्षा कितीतरी सरस ठरतं ते यामुळे. हे कबूल न करता टीका करणारे मला रीलवाल्यांइतकेच बेजबाबदार वाटतात.

गोम पुढे आहे. 'उसापासून इथेनॉल' हे एकाच गोष्टीचं नाव नाही. सी-हेवी म्हणजे साखर काढून उरलेलं. बी-हेवी म्हणजे थोडी साखर मळीतच सोडून केलेलं. आणि तिसरं थेट रसापासून, साखर न करताच. सरकारनं तिन्हींना वेगवेगळे दर दिले. २०२२-२३च्या वर्षात सी-हेवीला ४९ रुपये ४१ पैसे, बी-हेवीला ६० रुपये ७३ पैसे, रसाला ६५ रुपये ६१ पैसे. उरलेल्यापासून करा तर सगळ्यात कमी, मुख्य पिकापासून करा तर सगळ्यात जास्त. यामागे कारण होतं. साखरेचे डोंगर साचले होते, भाव पडले होते, शेतकऱ्यांची बिलं थकली होती. साखर जिरवायची होती. ती जिरली, बिलं लवकर निघू लागली, हा या योजनेचा खरा आणि मोठा फायदा आहे. पण मग तिला साखर जिरवा योजना म्हणा ना! 'अक्षय इंधन' कशाला म्हणता?

कारण ते किती अक्षय आहे हे २०२३च्या डिसेंबरमध्ये दिसलं. त्या वर्षी महाराष्ट्र-कर्नाटकात पाऊस कमी पडला, ऊस घटणार असं दिसलं, आणि ७ डिसेंबरला केंद्रानं उसाच्या रसापासून आणि पाकापासून इथेनॉल करायला बंदी घातली. कर्ज काढून डिस्टिलऱ्या उभारलेल्या कारखान्यांनी आरडाओरडा केल्यावर आठवड्याभरात ती सैल करून १७ लाख टन साखरेइतकी मर्यादा घातली. पुढच्या हंगामासाठी पुन्हा मुभा. एक पावसाळा हुकला की जे इंधन सरकारलाच थांबवावं लागतं, त्याला मी तरी पावसाळी पीक म्हणेन.

आणि आता पाणी.

नीती आयोगाच्या त्याच आराखड्यात एक साधा हिशेब आहे. एक टन उसापासून १०० किलो साखर किंवा ७० लिटर इथेनॉल. एक किलो साखरेमागे १६०० ते २००० लिटर पाणी. यावरून इथेनॉलच्या एका लिटरमागे सुमारे २८६० लिटर पाणी. हा आकडा कुठल्या आंदोलकाचा नाही, ज्यांनी योजना आखली त्यांचाच आहे. माझ्या बाइकच्या टाकीत १० लिटर मावतात, म्हणजे दोन लिटर इथेनॉल. उसाचं असेल तर त्यामागे ५७२० लिटर पाणी. पेणच्या खारेपाटात एप्रिल-मेमध्ये जो दहा-बारा हजार लिटरचा टँकर येतो आणि ज्याच्यामागे बायका हंडे घेऊन धावतात, तो माझ्या दोन टाक्यांत संपतो.

तुम्ही म्हणाल, यातलं काही पावसाचं पाणी, ते कुठूनही पडणारच. बरोबर. आणि मळीच्या इथेनॉलमागचं पाणी साखरेच्या खात्यात टाकायला हवं, तेही बरोबर. आता देशात मक्याचं इथेनॉल उसापेक्षा जास्त होतं, तेही मान्य. पण महाराष्ट्रात ऊस पावसावर येत नाही. ब्राझीलचं उदाहरण सगळे देतात. तिथे १९७५पासून इथेनॉलची योजना चालू आहे. पण तिथला बराचसा ऊस पावसावर वाढतो, आणि तिथल्या पंपावर इथेनॉल वेगळं, मिश्रण वेगळं, दोन्हींचे भाव समोर लिहिलेले असतात. इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या ७० टक्क्यांच्या खाली असेल तर ते घ्यायचं, नाहीतर नाही, हे तिथल्या टॅक्सीवाल्यालाही तोंडपाठ असतं. आपण ब्राझीलकडून टक्केवारी घेतली. पाऊस आणता येत नाही हे समजू शकतो, पण भावाची पाटीही आणली नाही!

आपल्याकडे कृषी खर्च आणि मूल्य आयोग वर्षानुवर्षं लिहीत आलाय की राज्यातल्या चारेक टक्के पिकाखालच्या जमिनीवरचा ऊस सिंचनाचं सत्तरेक टक्के पाणी पितो. २०१७मध्ये राज्य सरकारनं उसाला ठिबक सक्तीचं करायचं ठरवलं. सांगलीला गेलो की अजून मला पाटानं भरलेल्या सऱ्या दिसतात.

मिरजेची एक गंमत आहे, गंमत म्हणवत नाही खरं तर. २००१मध्ये पेट्रोलात पाच टक्के इथेनॉल घालायचे देशातले पहिले प्रयोग तीन ठिकाणी झाले. त्यातलं एक उत्तर प्रदेशात, दोन महाराष्ट्रात: मनमाड आणि मिरज. पंधरा वर्षांनी, एप्रिल २०१६मध्ये, त्याच मिरजेहून पाण्यानं भरलेली रेल्वेगाडी लातूरला गेली. लातूर, जिथल्या कोरड्या जिल्ह्यात साखर कारखान्यांची कमी नाही. पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. टीव्हीवर दिवसभर तीच बातमी. आयोगाच्या हिशेबानं ती अख्खी गाडी म्हणजे १७५ लिटर इथेनॉल. माझ्यासारख्या सत्त्याऐंशी बाइकच्या टाक्या.

हा हिशेब मी वाळव्याच्या माझ्या कॉलेजमित्राला फोनवर ऐकवला. त्याच्या घरी चार एकर ऊस आहे. तो जरा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "लेका, उसाचं बिल येतंय. उशिरा येतंय, पण येतंय. टोमॅटोचं सांग की. सोयाबीनचं सांग. तू पगार घेतोस, तुला काय, तू पाणी मोजतोस." मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही. उसाला एफआरपी आहे, म्हणजे कायद्यानं ठरलेला भाव, आणि घेणारा कारखाना ठरलेला. डाळीला, ज्वारीला जाहीर झालेला भाव मिळेलच याची खात्री नाही. तो पाण्याचा उधळ्या नाही, त्याच्यासमोर एकच दार उघडं ठेवलंय आणि तो त्यातून जातोय. इथेनॉलच्या पैशानं तेच दार आणखी रुंद केलं. बाकीच्यांना तेवढ्याच रकमेची हमी दिली असती तर तो ऊस लावायला हटून बसला असता असं मला वाटत नाही.

आणि त्याच्याही खाली, कोयता. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता मोजला जातो. बीडमधून दर दिवाळीला निघणाऱ्या या टोळ्या सांगलीत पालात राहताना मी चार वर्षं पाहिल्या. २०१९मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. हंगामात खाडा झाला तर उचलीतून पैसे कापले जातात, पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही. 'स्वच्छ इंधन' या शब्दाशी हा आकडा कसा जोडायचा हे मला कळत नाही. रील करणाऱ्यांपैकी कोणी प्रयत्न केलाय का?

कोणी म्हणेल, तू रायगडचा, तुझ्या किनाऱ्यावर ऊस म्हणजे जत्रेतली रसवंती, तुला का एवढी आग? दोन कारणं आहेत.

पहिलं, भात. आमचा जिल्हा भाताचा. आजोबा खारबंदिस्तीच्या मागची शेती करायचे, आता आमचं निम्मं शेत पडीक आहे, कारण मजुरी निघत नाही. इथेनॉलचं लक्ष्य उसानं पुरं होईना म्हणून सरकारनं अन्न महामंडळाच्या गोदामातला तांदूळ डिस्टिलऱ्यांना द्यायला सुरुवात केली. २०२४-२५च्या इथेनॉल वर्षासाठी ५२ लाख टन, दर क्विंटलला २२५० रुपये. आता साध्या भाताचा हमीभाव बघा: २०२४-२५ला २३०० रुपये क्विंटल. भाताचा, तांदळाचा नाही. क्विंटलभर भात भरडलं की ६७ किलोच्या आसपास तांदूळ निघतो, म्हणजे एक क्विंटल तांदळामागे नुसत्या भाताचेच ३४०० रुपये झाले. भरडाई, बारदान, वाहतूक, गोदाम वेगळं. तो तांदूळ २२५०ला दारूभट्टीच्या भावंडाला द्यायचा आणि वरचा फरक तुमच्या-माझ्या करातून भरायचा. इथेनॉलनं परकीय चलन वाचतं हे खरं आहे. मंत्रालयाच्या आकड्यांनुसार २०१४-१५पासून जुलै २०२५पर्यंत एक लाख चव्वेचाळीस हजार कोटींहून जास्त वाचले. मी तो आकडा नाकारत नाही. पण त्याच्या शेजारी हा तांदळाचा तोटा लिहिलेला मला कुठल्या जाहिरातीत दिसला नाही. आणि मका निर्यात करणारा आपला देश २०२४मध्ये तो आयात करू लागला, तेही त्या पाटीवर नाही. पेण-पनवेलकडच्या पोल्ट्रीवाल्यांना विचारा खाद्याचं काय झालं ते.

दुसरं कारण आमच्या घराच्या गच्चीवरून दिसतं. कुंडलिका. ती आमच्याकडे रेवदंड्याला समुद्राला मिळते. या नदीत उन्हाळ्यातही पाणी असतं, आणि त्यातलं पुष्कळसं आमचं नाहीच. मुळशीच्या धरणात अडवलेलं घाटावरचं पाणी डोंगरातून खाली भिऱ्याच्या वीजघरात येतं आणि वीज करून कुंडलिकेत सोडलं जातं. याच धरणाविरुद्ध १९२१मध्ये सेनापती बापटांनी मुळशी सत्याग्रह केला होता, जमिनी गेल्या त्या मावळच्या माणसांच्या. ते दुःख आमच्या पाण्याच्या उगमाशी आहे, हे विसरता येत नाही. पण शंभर वर्षांत रोह्यापासून खाली कालवे, गावं, एमआयडीसी या पाण्यावर उभी राहिली. आता घाटावरून मागणी येते: हे पाणी मुळात भीमेच्या खोऱ्याचं, ते पूर्वेला वळवा. दुष्काळी गावाला प्यायला हवं असेल तर मी पहिला सही करेन. पण भीमेच्या खोऱ्यात उजनीचं पाणी कुठे जातं ते सोलापूरच्या रस्त्यानं एकदा गेलात तरी दिसतं. आमच्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि मे महिन्यात नळ एक दिवसाआड येतो, विहीर मचूळ होते. उद्या कुंडलिका आटली तर खाडीचं खारं पाणी आणखी किती आत चढेल, हे विचारायला कोणी आमच्याकडे येणार नाही. टाकीतल्या इथेनॉलची टक्केवारी वाढवायची घोषणा मात्र होत राहील. २० झाले, आता २७चं बोलणं चालू आहे.

मग पेट्रोलच जाळत राहायचं का? मी पुन्हा माझ्या शीटकडे वळलो. एक एकर ऊस, ३५ टन धरू. सगळाच रस इथेनॉलला दिला तर अडीच हजार लिटरच्या आत. त्यातली ऊर्जा सुमारे १४ हजार युनिट, इंजिन त्यातली पाव वापरणार, उरले साडेतीन हजार. त्याच एकरावर सोलर पॅनल टाकले, मेगावॅटला पाच एकर असा ढोबळ हिशेब धरला, तर वर्षाला तीन लाख युनिट. चार्जिंग आणि मोटरमधली गळती म्हणून पाव भाग काढून टाका. तरी साठ पट. आकडे तुमच्या मनाप्रमाणे अर्धे करा, दुप्पट करा, निकाल बदलत नाही. दुचाकी आणि रिक्षा विजेवर नेणं हे इथेनॉलपेक्षा जमिनीला आणि पाण्याला इतकं स्वस्त आहे की चर्चाच संपायला हवी.

संपत नाही, कारण ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा वाड्यांतल्या सुपाऱ्या-नारळ आडवे झाले, विजेचे खांब झाले आणि काही गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती. तेव्हा कामाला आली ती पेट्रोलवरची बाइक आणि डिझेलवरचा जनरेटर. काकांच्या होडीलाही उद्या बॅटरी बसवता येणार नाही. द्रवरूप इंधन लागणार आहे, अजून बरीच वर्षं. म्हणून मी इथेनॉल बंद करा म्हणत नाही. टाकाऊ मळीचं करा, जितकं होईल तितकं करा. चिपाडाचं, पेंढ्याचं जमेल तसं करा. रसाचं आणि गोदामातल्या तांदळाचं थांबवा, त्यासाठी टक्केवारी खाली आली तर येऊ द्या. जुन्या गाड्या आणि होड्यांसाठी पंपावर एक नोझल दहा टक्क्यांचं ठेवा. आणि पंपावरच्या पाटीवर लिटरच्या भावाखाली लिहा की या लिटरमध्ये ऊर्जा किती आहे आणि इथेनॉल कशाचं आहे. बिस्किटाच्या पुड्यावर लिहिता येतं तर पंपावर का नाही?

वाळव्याच्या मित्राला मी हे पाठवलं. त्यानं अंगठा दाखवला आणि खाली लिहिलं, "मळीचं ठीक. पण रसाचं थांबवलं तर माझं बिल कोण देणार ते पण लिही." लिहिलं आहे, वर. त्यांनी वाचावं ज्यांनी द्यायचं आहे.

काकांनी मात्र स्वतःपुरता मार्ग काढलाय. टाकीत आता ते लागेल तेवढंच भरतात, पावसाळ्याआधी पूर्ण रिकामी करतात. पुतणीचं मोजपात्र त्यांनी परत दिलेलं नाही. प्रत्येक नव्या कॅनमधलं थोडं पेट्रोल त्यात ओततात, पाणी घालून हलवतात आणि ओटीच्या कठड्यावर ठेवून रेघ कुठे येते ते बघत बसतात. परवा मी विचारलं, किती? तर मला न बघताच म्हणाले, "वीस. तुझ्या त्या पाण्याच्या हिशेबानं किती हंडे झाले?"

हंडा पंधरा लिटरचा धरला तर कॅनमागे किती, ते मी त्यांना सांगितलं. पाच लिटरच्या कॅनमध्ये एक लिटर इथेनॉल. एकशे नव्वद हंडे.

ते काही बोलले नाहीत. खालचा थर त्यांनी तुळशीपासून लांब, गटाराच्या कडेला ओतला, आणि मोजपात्र धुवायला न्हाणीत गेले. त्या दिवशी नळ आला नव्हता.